कर्जाचा आकडा उतरत नाही

1865 साली मुंबईचा शेअरबाजार का बुडाला, याचं उत्तर बहुतेकांना पाठ असतं. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचा भाव पडला, संपलं. पण भाव पडल्याने कापसाच्या व्यापाऱ्याला खोट यावी. ज्यांनी आयुष्यात रुईची गासडी उचलली नव्हती, ते कारकून आणि दलाल कशाने धुपले?

1861 मध्ये युद्ध सुरू झालं, तिथल्या कापूस पिकवणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांची बंदरं रोखली गेली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापडगिरण्यांनी खानदेश, वऱ्हाड, गुजरातच्या कापसाकडे मोर्चा वळवला. मुंबईत पैशाचा पूर आला. रोज नवी बँक, समुद्रात भर घालणारी नवी कंपनी. अशाच भराव घालणाऱ्या बॅकबे कंपनीच्या 5,000 रुपयांच्या शेअरचा भाव 50,000 च्या घरात गेला.

खरी गंमत पुढे आहे. 1863 च्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेला शेअर तारण ठेवून कर्ज द्यायची मोकळीक मिळाली. समजा, तुमच्याकडे 100 रुपयांचा शेअर आहे. बँक त्यावर 50 देते. भाव 200 झाला की त्याच कागदावर 100 मिळतात, म्हणजे हातात आणखी 50. त्याचे तुम्ही पुन्हा शेअरच घेता. सगळेच घेतात, म्हणून भाव चढतो. भाव चढतो, म्हणून कर्ज मिळतं. माइक स्पीकरसमोर धरला की कर्णकर्कश शिट्टी वाजते ना, ती हीच. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन बाहेर पडतो, पुन्हा शिरतो. गाणं कोणी म्हणतच नसतं.

आता हे उलटं फिरवा. तुमच्या डोक्यावर 100 चं कर्ज आहे आणि भाव 200 वरून 120 वर आला. बँक म्हणते, तारण वाढवा, नाहीतर पैसे भरा. तुम्ही शेअर विकता. शेजारीही विकतो. भाव 80 वर येतो आणि आता सगळं विकूनही 100 फिटत नाहीत. एप्रिल 1865 मध्ये अमेरिकेतल्या दक्षिणेच्या फौजेचा सेनापती जनरल ली याच्या शरणागतीची ठिणगी पडली. 1 जुलैला वायद्यांचे, म्हणजे आधी ठरवलेल्या शेअर-सौद्यांचे, पैसे चुकते करायचे होते, तेव्हा भरायला कोणाकडे काही उरलं नव्हतं. बँक ऑफ बॉम्बेचा 2,850 पर्यंत चढलेला शेअर 87 वर आला, 1868 मध्ये बँकच गुंडाळली गेली.



साध्या घसरणीची महामंदी का होते, हे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर यांनी 1933 मध्ये मांडलं. अमेरिकी शेअरबाजाराच्या 1929 च्या पडझडीच्या जेमतेम आधी, शेअर आता कायमचे उंचावर स्थिरावलेत, असं सांगणारे हेच गृहस्थ, स्वतःही बुडाले. त्यांचं म्हणणं असं: वस्तूंचे भाव उतरतात, कर्जाचा आकडा उतरत नाही. मालाचा भाव निम्मा झाला की तेवढंच कर्ज फेडायला दुप्पट माल विकावा लागतो, आणि सगळ्यांनी दुप्पट माल बाजारात आणला की भाव आणखी उतरतो. म्हणजे लोक जितक्या प्रामाणिकपणे कर्ज फेडायला धावतात, तितकं उरलेलं कर्ज जड होत जातं.

हे गणित दख्खनमध्ये वेगळ्या वाटेने पोचलं. कापसाच्या तेजीच्या भावांकडे पाहून 1867 पासून शेतसारा वाढवला गेला. मग भाव उतरले. सारा रोखीतच भरायचा होता, सावकाराचा आकडाही रोखीतला, आणि सावकाराने नवं कर्ज द्यायला हात आखडता घेतला. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांना हवे होते कर्जरोखे आणि वह्या. हाती लागले ते त्यांनी जाळून टाकले.