मुंबईत टीव्ही एशियाडमुळे आला? नाही हो!

दर काही महिन्यांनी कुणीतरी फॉरवर्ड टाकतंच, "1982 च्या एशियाडसाठी (दिल्लीतल्या आशियाई क्रीडा स्पर्धांसाठी) सरकारने टीव्ही आणला आणि मुंबई दूरदर्शन सुरू झालं." अर्धवट आहे हे. 82 ला आला तो रंग, टीव्ही नाही.

मुंबई केंद्र सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला, म्हणजे एशियाडच्या तब्बल दहा वर्षं आधी, आणि तेव्हा ते 'दूरदर्शन' म्हणून वेगळं खातंही नव्हतं, सगळा कारभार आकाशवाणीकडेच, वेगळं झालं ते 1 एप्रिल 1976 ला. दिल्लीत तर 1959 पासूनच प्रयोग चालू होते. पुणेकरांनाही फार थांबावं लागलं नाही, 1973 मध्ये सिंहगडावर ट्रान्समीटर बसला आणि मुंबईचे कार्यक्रम तिकडे दिसायला लागले.

आणि साधी गोष्ट बघा ना, स्मिता पाटील सिनेमात येण्याआधी मुंबई केंद्रावर मराठी बातम्या वाचायची. तिचा 'निशांत' 1975 चा! मग 82 ला केंद्र सुरू झालं तर बातम्या कुठे वाचत होती?

गोंधळ का होतो तेही कळतं म्हणा. 15 ऑगस्ट 1982 पासून दिल्लीहून देशभर एकच राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्याच वर्षी रंगीत प्रक्षेपण, मग एशियाड, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत गावोगावी छोटे ट्रान्समीटर लागले. त्यामुळे मुंबई-पुण्याबाहेरच्या बहुतेक घरांत टीव्ही खरंच एशियाडनंतर आला. त्यांची आठवण बरोबरच आहे, फक्त ती त्यांच्या गावाची आहे, मुंबईची नाही.