माल्टा: बॅग भरण्याआधी
(सहलीला नाव नोंदवलेल्या मंडळींसाठी)

विमान खाली यायला लागलं की आधी दगड दिसतो. मधाच्या रंगाची चुनखडी. घरं, चर्च, तटबंदी, सगळं त्याच दगडाचं. खाणीत तो मऊ असतो, हवा लागली की वरून टणक होतो; कोकणातल्या मंडळींना जांभा आठवेल. शेतांच्या कडेचे गडगेसुद्धा ओळखीचेच वाटतील.

भूमध्य समुद्रातली माल्टा, गोझो आणि छोटं कोमिनो ही बेटं मिळून देश अवघा ३१६ चौरस किलोमीटर, मुंबईपेक्षाही लहान. बारमाही नदी एकही नाही. नळाला येणारं बरंचसं पाणी समुद्राचं, खारेपणा काढलेलं. पाऊस हिवाळ्यात. त्यामुळे आपल्याकडे सगळं हिरवंगार असतं त्या जुलैत तिथलं रान वाळून पिवळं झालेलं असतं. हिरवाई पाहायची तर फेब्रुवारी-मार्च.

बहुतेकांना कोमिनोच्या निळ्या पाण्यात दिवस घालवायचा असतो. जरूर घालवा, पण अर्धाच. उरलेला गोझोवरच्या ज्गान्तियाला द्या, असा आमचा आग्रह आहे. तिथली देवळं इजिप्तच्या पिरॅमिडांहून जुनी, साडेपाच हजार वर्षांपूर्वीची. धातूचं हत्यार नसताना एवढे धोंडे उभे कसे केले? गोझोकर सांगतात, एका राक्षसिणीने शेंगा खाऊन आणि पोर खांद्याला अडकवून ते वाहून आणले. आपल्याकडे असती तर ही देवळं पांडवांच्या नावावर गेली असती! हाल साफ्लिएनीचं भुयारी दफनस्थळ पाहायचं असेल, तर आजच सांगा. तिथे दिवसाला मोजकीच माणसं सोडतात.

राजधानी व्हॅलेटा वसली ती वेढ्यामुळे. सेंट जॉनच्या सरदारांना, म्हणजे लढवय्या ख्रिस्ती धर्मपंथाच्या मंडळींना, हे बेट १५३० मध्ये मिळालं. १५६५ मध्ये त्यांनी ऑटोमन तुर्कांच्या सैन्याचा वेढा परतवला आणि पुढच्याच वर्षी नव्या शहराची पायाभरणी केली. त्यांच्या कॅथेड्रलमध्ये तुम्ही चालता ती रंगीत संगमरवरी जमीन म्हणजे सरदारांच्या थडग्यांच्या शिळा. टोकदार टाचांची चप्पल तिथे चालत नाही. आत इटालियन चित्रकार कॅराव्हॅज्जिओचं १६०८ चं भलंमोठं चित्र आहे; मान कापलेल्या संत जॉनच्या रक्तातच चित्रकाराने स्वतःचं नाव लिहिलंय. नीट खाली पाहा, नाहीतर नजरेतून सुटतं.

माल्टीज भाषा मूळची अरबी वळणाची, लिहितात मात्र रोमन लिपीत. कान देऊन ऐका: जगाला ‘दिन्या’, पुस्तकाला ‘क्तिएब’. दुनिया आणि किताब! इंग्रजी सगळीकडे चालतं.

नाश्त्याला पास्तित्सी खा, खारीसारखे पापुद्रे आणि आत रिकोटा चीज किंवा वाटाणे. शाकाहारींनी पापुद्र्यात चरबी आहे का, ते आधी विचारावं.

व्हिसा शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच), चलन युरो. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून धावतात. प्लग मात्र ब्रिटिश पद्धतीचा, तीन चपट्या पिनांचा. अडॅप्टर इथूनच घेऊन निघा.