दहावीनंतरचा दुसरा रस्ता: पार्श्वभूमी

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न येतो: सायन्स, कॉमर्स की आर्ट्स? आयटीआय, डिप्लोमा, व्होकेशनल यांचा विचार बहुतेक घरांत टक्के कमी पडल्यावरच होतो. हा क्रम आजच्या पालकांनी लावलेला नाही. त्याची मुळं मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या मॅट्रिकपर्यंत जातात.

विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं आणि १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर ही त्याच पहिल्या खेपेतली नावं. मॅट्रिक ही शाळा संपल्याची परीक्षा नव्हती, ती विद्यापीठात शिरण्याची परीक्षा होती आणि ती विद्यापीठच घेत असे. साहजिकच हायस्कुलात काय शिकवायचं हे कॉलेजच्या गरजेवरून ठरू लागलं. जो मुलगा पुढे कॉलेजात जाणारच नव्हता त्यालाही कॉलेजच्याच तयारीचा अभ्यास करावा लागे.

यावर नेमकं बोट ठेवलं ते जोतीराव फुले यांनी. १८८२ मध्ये इंग्रज सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी म्हटलं होतं की, सरकारी हायस्कुलांतलं शिक्षण व्यवहारोपयोगी नाही, त्यातून कारकून आणि शाळामास्तर तेवढे निघतात. मॅट्रिकने शिक्षक आणि विद्यार्थी दोघांचंही लक्ष गुंतवून ठेवलं आहे, आणि पुढे स्वतंत्रपणे पोट भरता येईल असं अभ्यासक्रमात काही नाही. मॅट्रिकच्या जागी सीईटी (आजची प्रवेश परीक्षा) हा शब्द घातला तर हा परिच्छेद आजच्या एखाद्या शिक्षणपरिषदेत खपून जाईल.

हंटर आयोगाने तोडगाही सुचवला. हायस्कूलच्या वरच्या वर्गांत दोन फाटे करावेत: ‘अ’ अभ्यासक्रम विद्यापीठ प्रवेशासाठी, ‘ब’ अभ्यासक्रम व्यापार-उद्योगासाठी. कागदावर ही योजना चोख होती, पण ‘ब’कडे मुलं फिरकली नाहीत. कारण साधं होतं. सरकारी नोकरीला मॅट्रिक विचारत आणि कॉलेजलाही मॅट्रिकच लागे. ‘ब’ पूर्ण करून दाखला दाखवायचा कुणाला, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. उलट खेड्यापाड्यांतली ‘व्हर्नाक्युलर फायनल’ ही सातवीची परीक्षा कॉलेजकडे नेणारी नसूनही मानाची होती. ‘फायनल’ झालेल्याला प्राथमिक शाळेत मास्तर होता येई, तलाठ्याच्या जागेसाठी अर्ज करता येई. म्हणजे लोक पाठ फिरवत होते ती व्यवसायाकडे नव्हे, तर पुढे दार नसलेल्या वाटेकडे. पुढच्या प्रत्येक योजनेचं यशापयश याच कसोटीवर ठरलेलं दिसतं.

१९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेतून आलेली गांधीजींची नई तालीम हा वेगळाच प्रयत्न होता. तिथे हस्तोद्योग हा शिक्षणाचा एक विषय नव्हता, शिक्षणच हस्तोद्योगातून द्यायचं होतं. हायस्कुलांच्या रचनेवर मात्र तिचा परिणाम फारसा झाला नाही. चरखा बहुतेक ठिकाणी वेळापत्रकातला एक तास होऊन बसला.

स्वातंत्र्यानंतर दोन गोष्टी जवळजवळ एकदमच घडल्या. शालान्त परीक्षा विद्यापीठाच्या हातून निघून स्वतंत्र मंडळाकडे गेली आणि मॅट्रिकची एसएससी झाली. (लोकांच्या तोंडी ती पुढची पंचवीस-तीस वर्षं मॅट्रिकच राहिली.) दुसरीकडे व्यवसाय मार्गदर्शन या गोष्टीला संस्थेचं रूप आलं. मुंबईत पारशी पंचायतीने १९४७ मध्ये आणि मुंबई सरकारने १९५० मध्ये मार्गदर्शन केंद्र सुरू केलं. केंद्र सरकारचं केंद्र १९५४ चं. मुलाची बुद्धी, अभिक्षमता आणि आवड तपासायची, आईवडिलांशी बोलायचं आणि मग सल्ला द्यायचा, ही पद्धत तेव्हाची. ती चांगली होती, पण एका मुलामागे तज्ज्ञाचे काही तास मागणारी होती. म्हणून ती शहरांपुरती राहिली, आणि बाकी ठिकाणी मार्गदर्शन म्हणजे फळ्यावर लिहिलेली अभ्यासक्रमांची यादी.

माध्यमिक शिक्षणासाठी नेमलेल्या १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळांची कल्पना मांडली. मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, शेती, ललित कला आणि गृहविज्ञान असे सात गट एकाच शाळेच्या छपराखाली असावेत, अशी ती कल्पना होती. पण लेथ, फोर्ज, शेतीची जमीन आणि ते शिकवणारा माणूस हे सगळं एका शाळेला परवडत नाही. शिवाय तांत्रिक विषयाचा चांगला शिक्षक कारखान्यात जास्त पगार मिळवतो. हा पेच तेव्हाही सुटला नव्हता, आजही सुटलेला नाही. त्या मानाने १९५० मध्ये सुरू झालेली कारागीर प्रशिक्षण योजना, म्हणजे आपली आयटीआय, टिकली. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांना ठरावीक संख्येने उमेदवार घेणं बंधनकारक केलं. फिटर, टर्नर, वायरमन या शब्दांना नोकरीच्या जाहिरातीत जागा मिळाली. दार तयार झालं, म्हणून वाट चालू राहिली.

आजचा दहावी-बारावीचा आराखडा कोठारी आयोगाचा (१९६४-६६). आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातले. पहिली दहा वर्षं सर्वांना सारखं सामान्य शिक्षण, मग दोन वर्षांचा टप्पा आणि त्यानंतर तीन वर्षांची पदवी. त्यातला ‘अधिक दोन’ हा टप्पा मुळात केवळ कॉलेजची पायरी नव्हता. १९८६ पर्यंत दहावीनंतरच्या निम्म्या विद्यार्थ्यांनी व्यावसायिक शिक्षणात असावं, असं आयोगाने मांडलं होतं. महाराष्ट्रात १९७५ मध्ये जुनी अकरावी आणि नवी दहावी अशा दोन एसएससी झाल्या आणि १९७७ मध्ये पहिली बारावी. त्याआधी मेडिकल-इंजिनीअरिंगला जाणारा मुलगा जुन्या अकरावीनंतर कॉलेजात दोन वर्षं काढून ‘इंटर सायन्स’ देत असे. नव्या रचनेत ती दोन वर्षं ज्युनिअर कॉलेज झाली. पाटी बदलली, पण वर्गात बहुतेक ठिकाणी इंटरचीच छाया राहिली. निम्म्यांचं उद्दिष्ट बाजूला पडलं आणि बारावीचे मार्क हाच प्रवेशाचा मापदंड झाला.

व्यवसायाची बाजू उभी करण्यासाठी राज्याने दोन गोष्टी केल्या. पहिली, १९७० च्या दशकाअखेरीस आलेले द्विलक्षी अर्थात बायफोकल अभ्यासक्रम. दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सोडून त्याऐवजी २०० गुणांचा व्यावसायिक विषय घ्यायचा. इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स, स्कूटर-मोटरसायकल दुरुस्ती, बँकिंग, दुग्धव्यवसाय, मत्स्यव्यवसाय असे विषय त्यात होते. ५०-५० गुणांचे दोन पेपर आणि १०० गुणांचं प्रात्यक्षिक. पुढे काय झालं ते ज्युनिअर कॉलेजात वावरलेल्या कुणालाही ठाऊक आहे. इंजिनीअरिंगला जाणाऱ्या हुशार मुलांनी इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर सायन्सच्या जागा भरल्या. १०० गुणांच्या प्रात्यक्षिकामुळे टक्का वाढतो, बायोलॉजी आणि दुसरी भाषा सुटते, हा त्यांचा हिशेब होता. तो हिशेब चुकीचाही नव्हता. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करून पोट भरणारा त्या वर्गातून क्वचितच निघाला. बायफोकलची कटऑफ साध्या सायन्सपेक्षा वर गेली आणि ज्याच्यासाठी योजना आखली होती तो मुलगा यादीच्या बाहेर राहिला.

दुसरी गोष्ट म्हणजे १९८० च्या दशकाअखेरीस आलेले किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम, ज्यांना सगळे एमसीव्हीसी म्हणतात. इथे भाषा आणि एक पायाभूत विषय सोडला तर बाकी सगळा वेळ व्यवसायाचा. १९८६ च्या दुरुस्तीने शिकाऊ उमेदवार कायद्यात बारावी व्होकेशनलचा स्वतंत्र वर्ग आला, म्हणजे कायद्याने दार केलं. पण कारखान्यांना सवय आयटीआयची होती आणि जाहिरातीत ‘आयटीआय उत्तीर्ण’ हेच शब्द राहिले. एमसीव्हीसीची खरी उपयुक्तता नंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशात दिसली. राष्ट्रीय कौशल्य आराखड्यानुसार अभ्यासक्रम बदलून आता त्याचं नाव एचएससी व्होकेशनल झालं आहे.

या सगळ्यात शाळेच्या पातळीवरचा एक प्रयोग आवर्जून नोंदवायला हवा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळ इथे विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांचा ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा आठवी ते दहावीचा विषय. आठवड्यातला एक दिवस कामाचा. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार विभाग. शिकवणारा गावातलाच गवंडी, वेल्डर किंवा शेतकरी असू शकतो, आणि मुलांनी बनवलेली वस्तू गावात कुणाच्या तरी उपयोगी पडली पाहिजे, अशी अट. मुदलियार शाळांचा शिक्षकाचा पेच इथे असा सुटला. आणखी महत्त्वाचं म्हणजे, एकच व्यवसाय लवकर मुलाच्या गळ्यात मारायचा नाही, चारही हाताळून बघू द्यायचे. आवड कशात आहे हे पंधरा वर्षांच्या मुलाला प्रश्नावलीपेक्षा वेल्डिंगचा होल्डर हातात धरल्यावर जास्त कळतं.

मुख्य रस्त्यावर मात्र गर्दी वाढतच होती. १९८३ मध्ये विनाअनुदान तत्त्वावर इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली आणि जागा वाढल्या. बारावीचे मार्क निर्णायक असल्यामुळे लातूर पॅटर्नसारखी तयारीची शिस्त उभी राहिली. १९९९ पासून मेडिकलसाठी राज्याची सीईटी आली, इंजिनीअरिंगलाही नंतर सीईटी लागू झाली. २०१४ आणि २०१५ मध्ये राज्याने इंजिनीअरिंगसाठी जेईई मेन वापरून पाहिली, बोर्डाच्या मार्कांना निम्मं वजन दिलं आणि २०१६ मध्ये पुन्हा एमएचटी-सीईटीवर आलं. राज्याच्या मेडिकल प्रवेशांसाठी नीट २०१७ पासून कायमची झाली. नियम हलला की मुलांचा वेळही हलतो. बोर्डाला वजन असताना प्रात्यक्षिकाची वही नीट लिहिली जाई. वजन गेल्यावर ज्युनिअर कॉलेज हजेरीपटापुरतं उरलं, क्लासशी ‘टाय-अप’ केलेली इंटिग्रेटेड कॉलेजं फोफावली. २०१८ मध्ये सरकारला विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला.

सध्याच्या एमएचटी-सीईटीत पीसीएम गटाला २०० गुण: फिजिक्स आणि केमिस्ट्री ५०-५०, गणित १००, कारण गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला २ गुण आहेत. चुकलेल्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून प्रश्न रिकामा सोडणं हे निव्वळ नुकसान. २० टक्के भाग अकरावीचा, आणि तोच हातचा जातो, कारण अकरावी हे आरामाचं वर्ष समजलं जातं. सीईटी उत्तम गेली तरी बारावीत पीसीएममध्ये खुल्या गटाला ४५ टक्के लागतात, हेही काहींना निकालानंतरच कळतं.

मार्गदर्शनाचा मोठा सरकारी प्रयत्न २०१६ मध्ये झाला. राज्यातल्या सगळ्या दहावीच्या मुलांची कलचाचणी घेण्यात आली. शेती, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, मानव्यविद्या, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रं होती. मुदलियारांचे सात गट ज्यांना आठवले त्यांना हसू आलं असेल. चाचणी मोफत होती, सगळ्यांपर्यंत पोचली, हे मोठंच काम. घोटाळा झाला तो अहवाल वाचताना. कल म्हणजे आवड. एखादी गोष्ट शिकायची कुवत, म्हणजे अभिक्षमता, ही वेगळी, आणि आजवरचे मार्क ही तिसरीच गोष्ट. ‘आरोग्य’ असा कल आला म्हणजे मुलगी डॉक्टर होऊ शकेल असा अर्थ अनेक घरांत लावला गेला. तिला नर्सिंग, फिजिओथेरपी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांची माहिती द्यावी, एवढंच त्या अहवालाचं म्हणणं होतं.

दुसऱ्या रस्त्याला आज पूर्वीपेक्षा जास्त दारं आहेत, पण ती माहीत असावी लागतात. दहावीला ३५ टक्के असले तरी डिप्लोमाला अर्ज करता येतो, आणि डिप्लोमानंतर इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड केला की डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. आयटीआयबरोबर मंडळाचे दोन भाषा विषय दिले तर बारावीची समकक्षता मिळते, मात्र त्याचा अर्ज वेळेत भरायला हवा.

अडचण बहुतेकदा कागदपत्रांत आणि तारखांत होते. अकरावीची ऑनलाइन प्रक्रिया २००९ मध्ये मुंबई महानगरापासून सुरू झाली आणि २०२५ पासून ती राज्यभर आहे. तिच्यात जास्तीत जास्त दहा पसंतीक्रम देता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव जातं. डिप्लोमाच्या यादीची वाट पाहणारी मुलं अकरावीला सहज म्हणून पहिला क्रमांक भरतात आणि इथेच अडकतात. आरक्षित जागेसाठी जात पडताळणीचा अर्ज अकरावीत असतानाच करावा. बारावीच्या निकालानंतर समितीकडे एकदम गर्दी होते आणि कॅप राऊंड (केंद्रीय प्रवेश फेरी) कुणासाठी थांबत नाही. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत त्यावर लिहिलेल्या वर्षाच्या ३१ मार्चला संपते, त्यामुळे मागे काढलेलं प्रमाणपत्र जूनच्या अर्जाला चालेल का, हे आधी पाहून घ्यावं.