पोटावरचे रेडिएशन आणि पांढरे पाणी

पोटात पाणी झालेल्या रुग्णाचे पाणी सुईने काढले, तर ते बहुधा फिकट पिवळे निघते. क्वचित मात्र बाटलीत दुधासारखे पांढरे पाणी जमा होते. त्यात डेसिलिटरला 200 मिलिग्रॅमहून अधिक ट्रायग्लिसराइड सापडले, तर ते कायल, म्हणजे आतड्यातून चरबी वाहून नेणारी लसिका (लिम्फ, शरीरभर स्वतःच्या बारीक वाहिन्यांतून वाहणारे द्रव), असे डॉक्टर धरतात. कॅन्सरसाठी पोटावर रेडिएशन घेतलेल्यांना हा त्रास उपचारांनंतर काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही होऊ शकतो.

कायल वाहून नेणाऱ्या पांढऱ्या नळ्या इटलीत गास्पारे अझेल्ली याला 1622 साली दिसल्या, त्याही नुकत्याच खाऊन झालेल्या कुत्र्याच्या पोटात. हे पांढरे द्रव पुढे कुठे जाते, हे 1651 मध्ये झाँ पेके याने दाखवले. पाठीच्या कण्यापुढे, महाधमनीलगत ते एकत्र येते आणि तिथून छातीत चढते.

नेमकी हीच जागा पुढे किरणांच्या वाटेत आली. स्टॅनफर्डमध्ये 1956 पासून शक्तिमान क्ष-किरण देणारे यंत्र, म्हणजे लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर वापरणाऱ्या हेन्री कॅप्लन यांनी हॉजकिनच्या आजारात, म्हणजे लसिकाग्रंथींच्या एका कॅन्सरमध्ये, लसिकाग्रंथींचे पट्टेच्या पट्टे किरणांखाली घेतले. पोटात महाधमनीलगत खाली उतरून दोन्ही जांघांकडे फुटणारा उलट्या वाय अक्षराचा पट्टा, डोस सुमारे 40 ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक). याला अघोरी म्हणणे अन्यायाचे होईल. रुग्ण वाचले, म्हणून तर उशिराचे दुष्परिणाम दिसायला अवकाश मिळाला.

लसिकावाहिन्या स्वतः किरणांना बऱ्यापैकी दाद देत नाहीत. ग्रंथी सुकतात, भोवतालची ऊती घट्ट होते आणि वाहिन्या आवळल्या जातात. मग कायल पोटात झिरपते किंवा आतड्यातून प्रथिने वाया जातात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये ओटीपोटातल्या ग्रंथी काढून वर रेडिएशनही दिले असेल, तर पाय सुजण्याचा धोका वाढतो. हत्तीरोग असलेल्या विदर्भात अशा पायाकडे पाहून आधी फायलेरियाच मनात आला, तर नवल नाही.

पुढे केमोथेरपी आली, सेमिनोमा या वृषणाच्या कॅन्सरमध्येही किरणांचे पट्टे आखूड झाले, आयएमआरटी या नव्या रेडिएशन तंत्राने किरणांना हवा तसा आकार देता येऊ लागला.

पांढऱ्या पाण्यावर आहारातली नेहमीची चरबी कमी करून एमसीटी (मध्यम लांबीच्या साखळीची चरबी असलेले) तेल देतात, कारण ते लसिकेला टाळून थेट यकृताकडे जाते. खोबरेल तेल हा त्याला पुरा पर्याय नाही. त्यातली बरीच चरबी लसिकेच्याच वाटेने जाते. पण आहार ठरवण्याआधी मूळ कॅन्सर उलटला नाही ना, हे पाहावे लागते. लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, स्वतःच लसिकेची वाट अडवून असेच पांढरे पाणी साठवू शकतो.