भट्टीगत करंट आणि बूटस्ट्रॅप करंट

"मॅडम, हे तर आमच्या भट्टीगतच की!" फळ्यावर टोकामॅकचं, म्हणजे अणुकेंद्रकं जोडून ऊर्जा मिळवण्यासाठी प्लाझ्मा (अतितप्त, विद्युतभारित वायू) चुंबकांनी कड्यात धरणाऱ्या यंत्राचं, चित्र काढलं तेव्हा बारावीतला एक मुलगा म्हणाला. त्याच्या वडिलांची शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे. त्याचं निम्मं अगदी खरं होतं. उरलेल्या निम्म्यात दोन वेगळे करंट एक समजले जातात, म्हणून हे लिहिते आहे.

इंडक्शन भट्टीत कॉईल बाहेर आणि लोखंड आत. कॉईल ही ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी, वितळलेला रस ही एकाच वेढ्याची सेकंडरी. तार न जोडताच रसातून करंट वाहतो. भट्टीत डोकावलं की रस मधोमध फुगलेला दिसतो, तो त्याच करंटच्या आणि चुंबकीय क्षेत्राच्या जोराने. टोकामॅकमध्ये सोलेनॉइड, म्हणजे लांबट कॉईल, मधोमध उभा आणि प्लाझ्माचं कडं त्याच्याभोवती. तेही एका वेढ्याची सेकंडरीच. फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या ईटर या टोकामॅकमध्ये 15 मेगाअँपिअर, म्हणजे दीड कोटी अँपिअर करंट अपेक्षित आहे. हा झाला प्रेरित करंट. भट्टीला एसी चालतो. इथे मात्र प्लाझ्मातला करंट एकाच दिशेने वाहता ठेवायचा, म्हणून सोलेनॉइडचा करंट एकसारखा एकाच बाजूला बदलत न्यावा लागतो. त्याची हद्द आली की ढकलणं थांबलं. शिवाय लोखंड तापलं की त्याचा रोध वाढतो, प्लाझ्माचा उलट घटतो. त्यामुळे नुसत्या या करंटने प्लाझ्मा दोन-तीन कोटी अंशांपुढे फारसा तापत नाही, आणि ईटरला पंधरा कोटी हवेत.

बूटस्ट्रॅप करंटला सोलेनॉइड लागत नाही. 1971 मध्ये बिकरटन, कॉनर आणि टेलर यांनी त्याचं भाकीत केलं. कड्याच्या आतल्या बाजूला चुंबकीय क्षेत्र जास्त असतं. तिथे पोचण्याआधीच काही कण मागे फिरतात, अंबाबाईच्या देवळात गर्दी बघून प्रदक्षिणा अर्धी सोडणाऱ्यांसारखे. त्यांच्या वाटेचा आकार चक्क केळ्यासारखा. आता एकाच ठिकाणी उभं राहून बघा: एका दिशेने जाणारे हे कण दाट, तापलेल्या गाभ्याकडून आलेले, उलट दिशेचे विरळ कडेकडून. साहजिकच एका बाजूचे जास्त. प्रदक्षिणा पुरी करणाऱ्या इलेक्ट्रॉनांना त्यांचे धक्के बसतात आणि करंट उभा राहतो.

"म्हणजे फुकट?" त्याच मुलाने विचारलं. फुकट नाही. गाभ्यात जास्त आणि कडेला कमी असा हा दाबाचा उतार टिकवायला प्लाझ्मा बाहेरून तापवत राहावा लागतो. जिथे उतार नाही, त्या अगदी मध्यावर हा करंट जवळपास शून्य असतो. प्रेरित करंट मात्र मध्यातच जास्त, कारण तिथला प्लाझ्मा सर्वांत गरम आणि रोध सर्वांत कमी.

टोकामॅक सलग चालवायचा तर बूटस्ट्रॅपचा वाटा वाढवायला हवा. जर्मनीतल्या वेंडेलस्टाइन 7-एक्स या स्टेलरेटरची (त्याच कामाच्या, पण वेगळ्या घडणीच्या यंत्राची) रचना मात्र तो कमीत कमी राहावा अशीच केली आहे. तिथे चुंबकीय क्षेत्राचा पीळ बाहेरच्या कॉईल्सच देतात, आणि प्लाझ्मात आपसूक उठलेला करंट तो पीळ बिघडवतो.