कामाच्या जागेतील हवा व सरकारी निधी (ठाणे–नवी मुंबई)

कारखाना, गाळा किंवा ऑफिसच्या आतील हवा आणि तिच्यामुळे होणारे आजार यांवर सार्वजनिक पैसा कोणत्या वाटांनी खर्च होतो, याविषयीची ही नोंद. दिघा, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे अशी पसरलेली टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक वसाहत आणि ठाण्याची वागळे इस्टेट येथे रसायनांचे कारखाने, इंजिनिअरिंगचे गाळे व आयटी पार्क एकमेकांना खेटून उभे आहेत.

आतील हवेची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. कारखाना अधिनियम, १९४८ नुसार दर कामगारामागे किमान १४.२ घनमीटर जागा लागे. शेडचे छत कितीही उंच असले तरी ४.२ मीटरवरची जागा त्यात धरत नसत. धूळ व धूर जिथे निघतो तिथेच ओढून घेण्याची सोयही बंधनकारक होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली. एक्झॉस्ट (हवा बाहेर फेकणारे पंखे) आणि डस्ट कलेक्टरचा (धूळ ओढून साठवणारे यंत्र) खर्च मात्र मालकाकडेच राहिला. सरकार पैसे घालते ते औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या तपासणी यंत्रणेत.

हवेसाठीचा ठळक केंद्रीय निधी २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातून येतो आणि नवी मुंबई त्यात आहे. पण तो शहराच्या हवेसाठी. देशभर त्याचा मोठा वाटा रस्त्यावरची धूळ झाडण्या-शिंपडण्यात जातो; गेटच्या आत तो शिरत नाही.

आत पोहोचतो तो कामगार विम्याचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचा (ईएसआय) पैसा, तोही माणूस आजारी पडल्यावर. काटेकोर बोलायचे तर तो बहुतांशी सरकारचा नव्हेच: २०१९ पासून मालक पगाराच्या ३.२५ टक्के व कामगार ०.७५ टक्के भरतो; वैद्यकीय खर्चाचा आठवा हिस्सा राज्य उचलते. वागळे इस्टेट व वाशी येथे या योजनेची रुग्णालये आहेत. सॅन्डब्लास्टिंग (वाळूच्या झोताने धातू साफ करणे) करणाऱ्याला जडणारा सिलिकोसिस हा धुळीमुळे होणारा फुप्फुसाचा आजार योजनेच्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत येतो. पण छाती भरते कित्येक वर्षांनी, आणि तोवर ठेकेदार तीनदा बदललेला असतो; आजार कुठल्या गाळ्यातला, हे सिद्ध करणे जिकिरीचे होते.

२०१७ पासून या विम्याची पगारमर्यादा दरमहा २१,००० रुपये. त्यामुळे ऐरोलीच्या एखाद्या आयटी इमारतीत झाडलोट करणाऱ्या मावशी योजनेत असतात, तर इंजिनिअर बहुधा कंपनीच्या मेडिक्लेमवर. साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच थंड करून फिरवतो. ती दोघांच्याही वाट्याला येते.