रामल्लाच्या सरकारच्या हातात नेमकं काय आहे?

इस्रायलच्या ताब्यातल्या वेस्ट बँक या पॅलेस्टिनी प्रदेशातल्या शहरांच्या वेशीवर मोठे लाल फलक दिसतात. हिब्रू, अरबी आणि इंग्रजीत त्यांवर लिहिलेलं असतं की हा रस्ता पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या ‘ए’ क्षेत्रात जातो, इस्रायली नागरिकांना आत जायला मनाई आहे, जिवाला धोका आहे. वाचणाऱ्याला वाटावं, इथे एका देशाची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते. प्रत्यक्षात इस्रायली सैन्याच्या जीप रात्री-अपरात्री याच रस्त्यांनी आत शिरतात आणि पॅलेस्टिनी पोलीस तेवढा वेळ आपापल्या ठाण्यात बसून राहतात.

पॅलेस्टिनींना स्वतःचं सरकार (रामल्ला शहरातून कारभार पाहणारं हे प्राधिकरण) मिळालं, तेव्हा हिंसाचाराची जबाबदारीही त्यांचीच, असं वारंवार म्हटलं जातं. त्यात तथ्य आहे. मात्र ते किती, हे ठरवायचं तर मिळालं काय, तिथून सुरुवात करावी लागते.

सप्टेंबर १९९३ मध्ये इस्रायल आणि पॅलेस्टिनींमधल्या ओस्लो करारावर व्हाइट हाउसच्या हिरवळीवर सह्या झाल्या. त्याआधी चारच दिवस पॅलेस्टिनी नेते यासर अराफत आणि इस्रायलचे पंतप्रधान यित्झाक राबिन यांनी एकमेकांना पत्रं दिली होती. अराफत यांच्या पत्रात इस्रायलचा शांततेत आणि सुरक्षित राहण्याचा हक्क मान्य केलेला होता. राबिन यांच्या पत्रात मान्यता होती ती पीएलओला (अराफत यांच्या पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेला), पॅलेस्टिनी जनतेची प्रतिनिधी म्हणून. पॅलेस्टिनी राज्याचा उल्लेख त्या पत्रात नव्हता आणि करारातही नव्हता. जेरुसलेम, निर्वासित, ज्यू वसाहती, सीमा हे सगळे अवघड प्रश्न पुढच्या वाटाघाटींवर ढकलले गेले. पाच वर्षांची मुदत ठरली होती, ती मे १९९९ मध्ये संपली. तात्पुरती म्हणून उभारलेली व्यवस्था मात्र अजून चालू आहे.

१९९५ च्या दुसऱ्या करारात वेस्ट बँकेचे तीन भाग पडले. ‘ए’मध्ये शहरं, तिथला कारभार आणि पोलीस पॅलेस्टिनींचे. ‘बी’मध्ये बहुतेक गावं, तिथे कारभार पॅलेस्टिनींचा पण सुरक्षेचा अंतिम शब्द इस्रायलचा. उरलेला ‘सी’, म्हणजे जवळपास ६० टक्के जमीन, इस्रायली लष्कराकडे. वसाहती आणि जॉर्डन खोऱ्याचा बहुतांश भाग त्यातच येतो. नकाशावर ‘ए’ आणि ‘बी’ बेटांसारखे विखुरलेले दिसतात. नाब्लुसहून रामल्लाला निघालेला माणूस वाटेत ‘सी’ ओलांडल्याशिवाय पोचत नाही.

पैशाची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. नाब्लुसच्या व्यापाऱ्याचा कंटेनर अश्दोद किंवा हैफा बंदरात उतरतो. त्यावरचं सीमाशुल्क इस्रायल वसूल करतं. १९९४ च्या पॅरिस करारानुसार त्यातून तीन टक्के सेवाशुल्क कापून बाकी रक्कम दर महिन्याला प्राधिकरणाला द्यायची असते. प्राधिकरणाच्या महसुलाचा निम्म्याहून मोठा भाग हाच. २००६ मध्ये हमास ही सशस्त्र इस्लामी संघटना निवडून आल्यावर इस्रायलने ही रक्कम रोखली आणि पुढेही अनेकदा रोखली. २०१९ पासून इस्रायली तुरुंगातल्या कैद्यांच्या आणि इस्रायलशी संघर्षात मारल्या गेलेल्या पॅलेस्टिनींच्या कुटुंबांना प्राधिकरण तेव्हा देत असलेल्या भत्त्यांपोटी त्यातून कपात सुरू झाली. इस्रायलच्या मते ते भत्ते म्हणजे दहशतवादाला बक्षीस, पॅलेस्टिनींच्या मते कुटुंबांना आधार. वाद कसाही सुटो, रक्कम अडली की शाळामास्तरांच्या हाती अर्धाच पगार पडतो.

पण एवढ्यावरून रामल्लाची पाटी कोरी ठरत नाही. अराफत यांनी एकमेकांवर नजर ठेवणारी डझनभर सुरक्षा दलं पोसली, सिमेंटसारख्या मालाची मक्तेदारी जवळच्यांना दिली. १९९६ च्या इस्रायलमधल्या बॉम्बस्फोटांनंतर हमासच्या शेकडो लोकांना पकडलं आणि पुढे अनेकांना सोडूनही दिलं. दुसऱ्या इंतिफादात, म्हणजे २००० मध्ये सुरू झालेल्या पॅलेस्टिनी उठावात, त्यांच्याच फताह पक्षाशी जोडलेल्या अल-अक्सा ब्रिगेड या सशस्त्र गटाने इस्रायली नागरिकांवर हल्ले केले. तिथे हात बांधलेले होते ही सबब चालत नाही. मार्च २००२ मध्ये इस्रायलमधल्या नेतान्याच्या हॉटेलात हमासच्या आत्मघाती हल्लेखोराने ३० जणांचा बळी घेतला. त्यानंतर इस्रायली रणगाडे ‘ए’ क्षेत्रातल्या शहरांत घुसले आणि ती रेष कागदापुरतीच उरली.

गाझाची वाट वेगळी झाली. २००५ मध्ये इस्रायलने तिथल्या वसाहती आणि सैन्य हलवलं, तरी हवाई हद्द आणि समुद्र आपल्याच ताब्यात ठेवले. जानेवारी २००६ च्या निवडणुकीत १३२ पैकी ७४ जागा हमासने जिंकल्या, आणि जून २००७ मध्ये फताहशी लढून गाझा ताब्यात घेतलं. ७ ऑक्टोबर २०२३ चा इस्रायलवरचा हल्ला जिथून झाला, तिथे रामल्लाची सत्ता सोळा वर्षं चालत नव्हती. त्या हल्ल्याचा जाब हमासलाच द्यावा लागेल.

फताहचे महमूद अब्बास जानेवारी २००५ मध्ये प्राधिकरणाचे अध्यक्ष म्हणून चार वर्षांसाठी निवडून आले आणि मुदत उलटूनही खुर्चीवर राहिले. २०२१ मध्ये जाहीर केलेली निवडणूक त्यांनी पुढे ढकलली. पूर्व जेरुसलेममध्ये मतदानाला इस्रायलची परवानगी नाही, हे कारण दिलं. कारण खोटं नव्हतं, पण फताह तेव्हा उमेदवारांच्या तीन याद्यांत फुटलेला होता, हेही तितकंच खरं. त्याच वर्षी जूनमध्ये प्राधिकरणाचे टीकाकार निझार बनात यांचा पॅलेस्टिनी सुरक्षा दलांच्या कोठडीत मृत्यू झाला आणि रामल्लाच्या रस्त्यांवर अब्बास यांच्याविरुद्ध घोषणा घुमल्या. घोषणा देणाऱ्यांतल्या कित्येक तरुणांनी संसदेसाठी कधीच मत दिलेलं नव्हतं. २००६ च्या त्या निवडणुकीत त्यांचं मतदानाचं वयच झालेलं नव्हतं.